कॉट क्रमांक सात

फॉर्मातला चौथा रकाना : कायमचा पत्ता.
तिथं पेन थांबतं. माझंच थांबतं,
धाकू रावजी डोर्लेकर थांबत नाहीत, सांगत राहतात :
आधी मिरकरवाड्याची जेटी, मग बर्फाच्या कारखान्यामागची शेड,
मग दोन पावसाळे एस.टी. स्टँडवर, लांज्याच्या फलाटाला,
तिथला पंखा चालू असतो म्हणून.
एवढे पत्ते, आणि रकाना दीड इंचाचा.

जूनची पहिली तारीख. मासेमारी बंद.
होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या.
इथं होडीलासुद्धा पावसाळ्यात छप्पर मिळतं,
असं मी एकदा मिटिंगमध्ये म्हणाले होते.
साहेबांनी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

रात्री अकराला मी आणि इम्तियाज गाडी घेऊन निघतो.
टॉर्च जमिनीकडे धरायचा, तोंडावर नाही.
हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नाही,
सुगंधा खापरेंनी शिकवलं, हातावर चापट मारून.
"चला" म्हणायचं नाही. "चहा आहे" म्हणायचं
आणि शेजारी बसायचं, ओल्या दोरखंडावर,
साडी खराब होणार हे धरून.

धाकू एकोणिसाव्या रात्री आले.
तीस वर्षं ट्रॉलरवर,
उजव्या हाताची दोन बोटं विंचात गेली,
मालकानं दोन बोटांचे पैसे दिले
आणि उरलेला माणूस धक्क्यावर उतरवला.
घर भावाचं झालं होतं. कधी झालं ते आठवत नाही म्हणतात.

तीन रात्री कॉटवर काढल्या.
चौथ्या रात्री बघते तर पायरीवर, उकिडवे.
ढेकूण? म्हटलं. कोणी काही बोललं?
"न्हाय गो बाय. जमीन हलत न्हाय.
हलल्याबिगर झोप कशी येल?"

आता याला कुठलं कलम लावायचं?

फणसोपकरांच्या हसनचाचांकडं एक जाळं पडून होतं,
वांग्यांवर टाकण्यापलीकडं उपयोग नसलेलं.
धाकूंनीच बांधलं, एक टोक खांबाला, एक खिडकीच्या गजाला,
तीन बोटांनी मारलेली ती गाठ
मला अजून जमत नाही.
झोळी असं कोणी म्हणालं नाही.
तो शब्द इथल्या माणसांना दुसऱ्याच कामासाठी माहीत आहे.

जुलैत तपासणी.
"रेकॉर्डला कॉट बारा. इथं अकरा. हे काय?"
म्हटलं, सात नंबर.
"याला पाय नाहीत."
नाहीत, साहेब. पण याच्यावर माणूस झोपतो.
त्यांनी एका बोटानं जाळं ढकलून पाहिलं,
ते हललं, परत आलं, पुन्हा गेलं.
बराच वेळ बघत उभे राहिले, मग लिहिलं : सुस्थितीत.

माझ्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा.
दर वर्षी एक महिना मीही भांडी खोक्यात ठेवून बघते,
किती मावतात.

तो रकाना शेवटी मी भरला :
कॉट क्रमांक सात, बेघर निवारा केंद्र,
जुन्या जकात नाक्यामागे, रत्नागिरी.
लिहिताना कोणी बघत नव्हतं, तरी अक्षर नीट काढलं.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या.
आठ बोटांचा खलाशी कोणी घेईना,
एकानं भंडारी म्हणून घेतलं, जेवण करायला.
जाताना चपला ठेवून गेले. बोटीवर लागत नाहीत म्हणाले.
दुपारी त्या जाळ्यात बसून
सुगंधा खापरे लसूण सोलतात
आणि कोणी विचारलं तर उठतात लगेच,
"दुसऱ्याची जागा हाय ही."

सप्टेंबरात पोस्टमन आला, हातात आधारचं पाकीट.
आत डोकावला. बारा गाद्या, एक आरसा, ओळीनं टांगलेल्या पिशव्या.
"डोर्लेकर धाकू रावजी. राहतात का इथं?"

राहतात, म्हटलं.
सध्या बाहेर गेलेत.