अवतरण

बदरिया मॅडमनी समासात लाल शाईनं लिहिलंय :
अवतरण असं अधांतरी सोडू नये.
कोण बोललं, कुठे, कशाच्या ओघात – आधी सांगावं.

अवतरण एवढंच :
“वरून समुद्र दिसतो, ऐकू येत नाही.”

प्रस्तावना पुन्हा लिहायला बसले.
सोहार बंदर, क्रेन नंबर सात,
चौदा वर्षं, बंद काचेची केबिन –
एका वाक्यात बसेना.
‘असे एका चालकाचे मत आहे’
लिहिलं, खोडलं.
मत कसलं,
डबा धुताना सहज म्हणाले होते.

पावणेदहाला जिन्यात बूट वाजले.
बाबा, संदर्भसूचीत आडनाव आधी येतं,
मग स्वल्पविराम, मग तुम्ही.
तांडेल, रघुवीर.

“हजेरीसारखं,” म्हणाले,
आणि एक बूट हातात धरून –
“हजर.”