सतरावा दिवा

तालिनच्या बंदर-कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं
आणि माझा प्रोग्राम जागा होतो.
एकोणतीस वर्षं होतोय.
नाकासमोर चालणारा, सरळमार्गी,
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत
वाटेत कुणाशी गप्पा नाहीत.

दिवा एक. प्रकार कोणता? पांढरा असेल तर हे कर.
लाल असेल तर ते.
सहा सेकंदांत दोनदा लुकलुकत असेल
तर चारशे विसाव्या ओळीवर जा, तिथून परत ये.
दिवा दोन. प्रकार कोणता?
अशी एक्केचाळीस दारं रोज संध्याकाळी वाजवायची,
एकेकाचे खिसे तपासायचे,
जकातनाक्यावरच्या शिपायासारखे.

मग तार्वी आला. वय सव्वीस, मोज्याला भोक,
खिडकीत केफिरची बाटली.
माझी ओळन् ओळ वाचून काढली त्याने, दोन दिवस बसून.
(इतक्या वर्षांत एवढं कुणी वाचलं नव्हतं मला.)
म्हणाला, हेल्वे, तू दिव्यांना विचारतेस फार.
विचारू नकोस. सांग.

काय सांगू?
अंधार पडला, एवढंच.

पहिल्या आठवड्यात मी एक क्लास लिहिला.
नऊशे ओळी. नाव: बंदर. आत सगळं.
तार्वी हसला नाही, हेच जास्त लागलं.
म्हणाला, घर जुनंच आहे,
दारावरची पाटी तेवढी नवी.

रात्री जेवताना म्हणाले, आज वारसा शिकले.
काउपोने चमचा खाली ठेवला:
हीउमाच्या जमिनीचं काय झालं?
तसला नव्हे रे. बापाकडून आलेलं घ्यायचं,
पण करायचं आपल्या पद्धतीनं, अशी मुभा असते.
मुभा? म्हणाला. हे माझ्या बापाला
कुणीतरी सांगायला हवं होतं.
आणि सूप थंड होईपर्यंत
दोघंही गप्प.

मला सर्वांत जड गेलं ते झाकणं.
दिव्याचं तेज, त्याची लय, त्याचे बिघाड
ज्याने त्याने आपल्या पोटात ठेवायचे.
बाहेरून हात घालायचा नाही.
मी आयुष्यभर हात घालत आलेय.
मुलीच्या दप्तरात, तिच्या पत्रांत,
तिच्या तार्तूच्या खोलीतल्या फ्रिजमध्येसुद्धा.

फेब्रुवारीत एकदा सगळे निघून गेल्यावर
मी सहाशे अकरावी ओळ उघडली.
सतरा असेल तर सोडून दे.
माझीच. दिवा बंद झाला त्या वर्षीची.
तेव्हा बेटावरून एवाल्ड पिहेलचा फोन आला होता,
एकवीस वर्षं जिने चढलेला माणूस:
म्हणजे मी आता मोजणीत नाही?
मी म्हणाले होते, आहात ना. फक्त वगळलेले.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

ती ओळ मी खोडली.
सतराव्यासाठी छोटासा क्लास लिहिला,
चार ओळींचा. अंधार पडला म्हटलं की
त्याने काय करायचं?
काही नाही. तीच त्याची पद्धत.
ऐकायचं, आणि काळोखात उभं राहायचं.

मग एकदाच हाक दिली, सगळ्यांना मिळून.
नकाशावर कुणी तांबडा झाला, कुणी दोनदा लुकलुकला,
कुणी संथ, म्हाताऱ्याच्या श्वासासारखा.
मी कुणालाही काही विचारलं नव्हतं.
सतराव्याच्या जागी काळं पाणी होतं,
आणि खालच्या पट्टीवर उत्तरं आली होती
एक्केचाळीस.

मी पुन्हा मोजली. सवय जात नाही.
मग तार्तूला फोन लावला,
जेवलीस का हे ओठांवर आलेलं गिळून
म्हणाले, इथे अंधार पडलाय.
ती म्हणाली, हो, इथेही.
आणि मग तिचं तीच बोलत राहिली,
बराच वेळ.