भावे प्रयोग

धंतोलीतल्या ऑफिसात माझ्या टेबलाच्या काचेखाली
भोयर सरांच्या हातचा एक कागद आहे.
डावीकडे खोडलेले शब्द, उजवीकडे चालतील असे.
कंठस्नान : खोडलेला, दोनदा.
खात्मा, यमसदनी, टिपले : खोडलेले.
ठार : खोडून पुन्हा लिहिलेला, पुढे प्रश्नचिन्ह.
उजवी बाजू बरीचशी कोरी.

गडचिरोली आवृत्ती अकराला सुटते.
दहा चाळीसला विस्तारी गेडामचा फोन, टेकडीवरून,
कारण रेंज तिथेच येते.
"लिहून घ्या मॅडम. कोसमटोला. एक पोरगा, एकोणीसचा.
पोलीस म्हन्तेत चकमक.
गाववाले म्हन्तेत, चकमकीले दोघं लागते ना बाप्पा,
याच्या हातात त मासोळ्यांचं जाळं होतं."

चकमक मी पाहिली आहे, आजोबांच्या चंचीत.
गारगोटी, पोलादाचा तुकडा, चिमूटभर कापूस.
नुसती गारगोटी पेटत नाही,
एवढंच मला चकमकीबद्दल ठाऊक.

आणि पोरगा कोण?
'नक्षलवादी' लिहिलं की निकाल लागला.
'निष्पाप आदिवासी' लिहिलं तरी लागला, दुसऱ्या बाजूने.
'कथित' लिहिलं तर त्या तीन अक्षरांमागे
आमचं अख्खं ऑफिस लपतं.

मागल्या महिन्यात त्याच पट्ट्यात
पोलीस पाटलाला रात्री घरातून उठवून नेलं.
झाडाला अडकवलेल्या पत्रकात शब्द होता : शिक्षा.
आम्ही हत्या लिहिलं. कुणी काचेखाली पाहिलंसुद्धा नाही.

आणि मे महिन्यात सुरुंगावर गेलेला उमरेडचा जवान.
त्याचे वडील भर उन्हात आले, डोक्याला दुपट्टा,
अंक पुढ्यात ठेवून म्हणाले,
तुम्ही 'मृत्युमुखी' लिहिलं.
तापानं मरते त्याले म्हणते ताई, मृत्युमुखी.
मी पाणी दिलं. ते प्यायले.
अंक तिथेच ठेवून गेले.

दहा सत्तेचाळीस.

सक्करदऱ्याच्या शाळेत ठवरे बाई शिकवायच्या :
कर्तरीत क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, कर्मणीत कर्माच्या.
भावेत ते कुणाचंच ऐकत नाही.
शिपायाने चोराला पकडले.
शिपाई चार असोत, चोर बाई असो, 'पकडले' ते 'पकडले'च,
नपुंसकलिंगी, एकवचनी.
किती मानी क्रियापद, असं वाटायचं तेव्हा.
आज वाटलं, हे तर
दाराआडून बघणारं कुणीतरी.

शिवाय कर्ता भावेतही लागतोच,
मागे 'ने' किंवा 'नी' लावून.
माझ्या हातात 'नी' होता, आणि
तो कुणाला चिकटवायचा ते टेकडीवरून दिसत नव्हतं,
धंतोलीतून तर नाहीच.

मग मी लिहिलं :
कोसमटोल्यात गोळी लागून तरुणाचा मृत्यू.
खाली बारीक : पोलीस आणि गावकऱ्यांचे वेगवेगळे दावे.

गोळी लागून.
जशी ठेच लागते. भूक लागते. डोळा लागतो.
दहा अठ्ठावन्न. पान सोडलं.
सगळे म्हणाले, समतोल आहे.

सकाळी पुन्हा टेकडी.
"लागली मॅडम बातमी. चांगली लागली.
फक्त नाव चुकलं.
मेला तो दलसू. तुम्ही लालसू छापलं.
लालसू भाऊ हाये त्याचा. जिता हाये.
पेपर वाचून दाखवला कोणीतरी त्याले,
तवापासून नदीवर जायले भेते."

अठरा मिनिटं मी क्रियापद तोलत बसले होते.

शुद्धिपत्र पान सातवर, टायरच्या जाहिरातीखाली :
नावात चूक झाली. अनवधानाने.

सापडला
एकदाचा 'ने'.