डिलॅपिडेटेड

नोटिशीत अवघड शब्द एकच होता,
आणि मराठी मसुदा माझ्या गळ्यात:
चोडणच्या धक्क्यावरची जुनी जकात चौकी
डिलॅपिडेटेड आहे, सबब पाडण्यात यावी.

फेरीची वाट बघत ऑर्लांद सर बसले होते.
सेमिनरीत तीन वर्षं काढली, मग लग्न केलं;
लॅटिन तेवढं अंगाला चिकटून राहिलं.
म्हणाले, लापिस म्हणजे दगड.
दि म्हणजे इकडेतिकडे.
दगडांची पांगापांग रे, दुसरं काय!
पोर्तुगीजमध्ये तर याच शब्दानं
बापाचा पैसा उडवणाऱ्या पोराला नावं ठेवतात.

नोटीस खिशात घालून चौकी बघायला गेलो.
पश्चिमेची भिंत नव्हतीच.
ती कुठे गेली हे अख्ख्या गावाला ठाऊक:
चार चिरे कायतानच्या डुकरांच्या खुराड्याला,
दोन शेवंतीच्या तुळशीखाली,
एक बसस्टॉपवर, ज्याच्यावर रोज मीच बसतो.
आणि उधाणाच्या रात्री मानशीजवळ बांध फुटला
तेव्हा अंधारात हातोहात किती गेले
ते कुणी मोजलं नाही.
त्या साली शेतात खारं पाणी शिरलं नाही.
ह्याला उधळपट्टी म्हणायचं?

टेबलाशी येऊन ‘जीर्ण’ लिहिलं. खोडलं.
जीर्ण म्हणजे पचलेलं,
आणि ही चौकी तीन फायलींत अजून अजीर्ण आहे.
‘पडीक’ लिहिलं. पण ती तर
तीन भिंतींवर का होईना, उभी.
मग ‘मोडकळीस आलेली’.
आमचा नेहमीचा शब्द: शाळा, साकव, पंचायतीची जीप,
सगळं आम्ही ह्याच शब्दावर आणून सोडतो.
आज पहिल्यांदाच तो मधोमध फुटला.
मोड.
कळी.
खिडकीच्या कमानीत पिंपळाला मोड आलेत खरे,
तांबूस, ओल्या कानांसारखे.
कळीचं मात्र मी सांगू शकत नाही;
पिंपळाला कळी आलेली कुणी पाहिलीय?

ज्युनियर इंजिनिअर वेर्लेकरबाईंनी सही केली.
त्यांनी विचारलं फक्त, ‘कळीस’ची ळी दीर्घच ना?
दीर्घच, म्हटलं.

संध्याकाळी चौकीवर नोटीस डकवली.
खळ अजून ओली होती,
तेवढ्यात इकडेतिकडे बघून
एक चिरा सायकलच्या कॅरियरला बांधला.

घरची खालची पायरी
कधीची हलते आहे.