रिकामा खिळा

टोलिडोतल्या सरकारी हायस्कुलात, दुसऱ्या मजल्यावर,
जिन्याच्या वळणाशी एकोणीस फ्रेमा.
दर शुक्रवारी काचा पुसतो
ऑर्विल टिबेट्स, बॅच एकोणीसशे शहात्तर.

न्यायाधीश झालेली वर्नेटा, हनुवटी अजून तशीच वर.
हिनं त्याची भूमिती उतरवली अख्खं वर्षभर.
तिच्या काचेवर फडकं अंमळ जास्त फिरतं.
नाकाजवळच नेमका डाग पडतो, म्हणे.

ट्रम्पेटवाला लेस्टर, गालांत आजही हवा भरलेली.
मग ती पोलिश पोरगी, ग्राझिना, हाडांची डॉक्टर,
जिचं आडनाव शाळेनं
पितळी पाटीवरही चुकवलंय.

आणि तिच्या शेजारी नुसता खिळा.
नगरसेवक होता तिथं. पुलाचे पैसे खाल्ले,
खटला उभा राहिला, फ्रेम रातोरात उतरली.
भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ राहिलाय,
त्याच्याआड जपला गेलेला.

नवी पोरं विचारतात, इथं कोण होतं?
ऑर्विल म्हणतो, "जागा आहे अजून."
आणि बादलीत फडकं पिळण्याआधी
आपली टोपी काढून
त्या खिळ्याला अडकवतो,
घंटा होईपर्यंत.