रकाना

भांडेवाडीच्या शाळेत पंखा एकच,
तोही सरांच्या खुर्चीवर.
आम्ही सहा जण, सगळ्यांचे टी-शर्ट निळे,
आणि खोक्यात आमचा गोटू.
हा काळ्या पट्टीवरून चालतो, मी म्हटलं,
आणि तो वळत वळत
थेट दाराकडे निघाला.

पोरं फिदीफिदी.
मी सेन्सर पुसला, मग कपाळ.
ऋत्विजनं लॅपटॉप उघडला,
बंद केला,
पुन्हा उघडला.

शेवटच्या रांगेतून प्राजू उके, सहावी ब :
"काहून घाबरून राह्यली ताई?
डावं चाक अडकून राह्यलं न त्याचं.
कूलरच्या पंपात जाते तसा केस गेला असन."
तिचे बाबा उन्हाळाभर कूलर दुरुस्त करतात,
बाकीचे महिने मिळेल ते.

वेणीतली पिन काढून
तिनं चाक टोकरलं.
केस निघाला, हातभर लांब.
माझाच.

आता स्पर्धेचा फॉर्म भरतेय.
रकाना आहे :
किती मुलांपर्यंत पोहोचलात?
एकतीस लिहिलं.
खोडून तीस केलं.
रकाना तेवढाच आहे,
बोटभर.

पिन माझ्या कंपासपेटीत राहिलीय.
शनिवारी नेऊन द्यायचीय.