माशी वारली

झूकियाच्या जंगलात, आमच्या गावी,
मरणाला दोन क्रियापदं आहेत.
गाय मेली, कुत्रं मेलं, कोल्हा मेला,
ज्याच्या पाठीवर आमचं घर चाललं
तो घोडासुद्धा मेलाच.
वारतं ते माणूस.
आणि माणसाखेरीज, फक्त मधमाशी.

सहा वर्षांची होते तेव्हा चुकले.
खिडकीत एक पडली होती, पाय पोटाशी घेऊन.
"बाबा, माशी मेली!"
बाबांनी कप खाली ठेवला,
माशी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.
वजन नव्हतंच काही.
"नीट बोल, झिविले."
नीट बोलले.
मग काडेपेटीतून नेऊन
मुळ्याच्या वाफ्याशेजारी पुरली तिला
आणि बाबांनी डोक्यावरची टोपी काढली,
जी ते चर्चच्या दारातही
जरा उशिरानेच काढायचे.

आता मी बर्गनला असते. मासे सोलते.
तिथल्या भाषेत सगळेच
एका क्रियापदात मरतात.
सोपं पडतं.

काल रात्री पोचले तेव्हा बाबा बैठकीत होते,
नाकाचं टोक मेणासारखं,
खिशात अजून तंबाखूची पुडी.
बाया ओळीने बसून गात होत्या.
आईने मला जेवू दिलं नाही आधी.
"पेट्यांना सांगून ये.
परक्याकडून कळलं तर उठून जातील.
मला चावतात त्या, मी कशी जाऊ?
आणि किल्लीने वाजव, नखाने नको."

बारा पेट्या.
स्वयंपाकघराच्या दाराचा उरलेला निळा रंग
नवव्या पेटीला संपलेला,
पुढच्या तीन नुसत्याच लाकडाच्या.
जूनमधला उजेड, अकरा वाजले तरी जात नव्हता.
पहिलीपाशी वाकले,
किल्लीने तीनदा ठकठक केलं
आणि शब्द आठवेना.
दोन्ही आठवेनात.
घशाशी आला तो नॉर्वेजियन,
मासळी बाजारातला.

तेव्हा दिसला दोरा.
काळ्या लोकरीचा, पेटीच्या कमरेला एक वेढा,
गाठ डावीकडे वळलेली.
दुसरीलाही. तिसरीला.
पार बाराव्यापर्यंत.
आमच्या घरात डावखुरं कुणी नाही.

कुंपणापलीकडे किप्रास उभा होता.
अकरा वर्षं आमच्याशी बोललेला नाही.
त्याने लिंडनचं झाड तोडलं होतं,
ऐन फुलावर आलेलं, ट्रॅक्टर वळवायला जागा हवी म्हणून,
आणि बाबांनी त्याला असा शब्द वापरला
जो मी इथे लिहिणार नाही.
पण त्याआधी कधी तरी
आमचं एक मोहोळ उडून त्याच्या आवारात उतरलं होतं.
माश्या विकत नाहीत आमच्याकडे, विकत घेतही नाहीत.
ज्याच्या दारी उतरल्या तो सोयरा.
भांडून मोडता येत नाही ते.
बोलणं तेवढं बंद ठेवता येतं.

"पहाटेच सांगितलं मी," तो म्हणाला.
"तू पोचशील की नाही, कोण जाणे."
मी विचारलं, कसं सांगितलंत?
शेतकऱ्याने बियाणाचा भाव सांगावा तसं म्हणाला,
"झिग्मास वारला. तुम्ही राहा."

मी पेटीला कान लावला.
आत कुणी तरी लांब दळण घातल्यासारखा आवाज.
दुःखाचा होता की नाही, मला कळलं नाही.
कळतं असं म्हणणारी माणसं
माझ्यापेक्षा जास्त दिवस इथे राहिलेली असतात.

तरीही पुन्हा सगळ्यांना सांगितलं मी,
एकेकीला, किल्लीने वाजवून.
चौथ्या पेटीपासून शब्द नीट यायला लागला.

किप्रास तोवर तिथेच उभा, टोपी हातात.
मी परत वळले तेव्हा म्हणाला,
"सातवीतली राणी म्हातारी झालीय.
ऑगस्टात बघायला हवं."
कुंपणापलीकडून, अकरा वर्षं,
पेट्या मोजत होता म्हणजे.

मी म्हटलं, ऑगस्टात मी नसेन.
तो म्हणाला, "तुला कोण विचारतंय?"